पाठ दुखते, वय झालं!

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी ‘आरोग्यावर बोल’ म्हटलं. साखर आणि रक्तदाब यांवर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्यापेक्षा जास्त वाचता. म्हणून मी एकाच दुखण्याबद्दल बोलतो, कारण ते माझ्याच हातून निसटलं होतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना तिची पाठ दुखू लागली. मी हाडांचा डॉक्टर. ‘वय झालं, हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून कॅल्शियम दिलं. घरचाच डॉक्टर असल्यावर दुसऱ्याला कोण विचारणार? रात्री ती उठून पलंगाच्या काठावर बसून राहायची. जेवण कमी झालं, ब्लाउज ढगळ झाले, संध्याकाळी अंग कसकसायचं. तीन महिन्यांनी एमआरआय केला, तेव्हा दोन मणके आणि मधली चकती पोखरलेली, बाजूला पू. मणक्याचा क्षयरोग. खोकला नाही, फुप्फुसं स्वच्छ.

तिचा पहिला प्रश्न होता, ‘कापायचं का रे?’

कापावं लागलं नाही. सीटी स्कॅनच्या मदतीने सुईने नमुना काढला, जंतू आणि त्याला लागू पडणारं औषध कळलं, मग गोळ्या. दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. ती म्हणाली, ‘नागपूरची आहे म्हणून सगळं संत्र्याच्या रंगाचंच!’ उतारवयात यकृत आणि डोळे तपासत राहावं लागतं. मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर रिफाम्पिसिनचा परिणाम होतो, त्यामुळे त्यांचे डोस पुन्हा बसवावे लागतात. पट्टा बांधून ती पहिल्या महिन्यापासून घरात चालायची. वर्षाने टेकडीच्या गणपतीला जाऊन आली. पाठीला थोडा बाक मात्र राहिला, तो माझ्या तीन महिन्यांचा.

पूर्वी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये झोपवून ठेवत. साठच्या दशकात कोरियातल्या मासान आणि पुसान इथे रुग्णांवर तुलना झाली. औषधं नीट घेतली तर अंथरुणावर पडून राहिल्याने किंवा प्लास्टरच्या जाकिटाने वेगळा फायदा दिसला नाही. आपल्याकडे बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 1975 साली ‘मधला मार्ग’ मांडला: आधी औषधं, आणि ज्यांना त्यांनी उतार पडत नाही त्यांच्यावरच शस्त्रक्रिया. पायांत अशक्तपणा आलेलेही काही रुग्ण त्यात औषधांवर सावरले.

सगळाच संसर्ग क्षयाचा नसतो. मधुमेह, डायलिसिस, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग असेल तर रक्तातून साधे पू करणारे जंतू मणक्यात शिरतात. त्याला साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक्स, सुरुवातीला बहुधा सलाईनमधून. बारा आठवडे दिल्याने जास्त फायदा होत नाही, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं. पण केमिस्टकडून अँटिबायोटिक आधीच घेतलं असेल, तर रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाही. मग आम्ही अंदाजाने औषध देतो, आणि अंदाज चुकतोही. तेवढं तरी करू नका.

शस्त्रक्रियेला घाबरून बसण्यातही शहाणपण नाही. पाय लटपटू लागले, मुंग्या वर चढू लागल्या, लघवी अडली, तर त्याच दिवशी दाखवायचं. मणका ढासळत असेल, पू मोठा असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल, तर ऑपरेशनच बरं. माझ्या आईला त्यातलं काही नव्हतं, हे तिचं नशीब. माझं कर्तृत्व नव्हे.

क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना 1000 रुपयेही. मोठ्या घरातले लोक ती घ्यायला लाजतात. आईच्या आजाराचं कळल्यावर आमच्या एक शेजारीणबाई यायच्या बंद झाल्या होत्या. मणक्यातला क्षय फुप्फुसांत नसेल तर शेजारी बसल्याने लागत नाही, हे त्यांना सांगायला मी स्वतः गेलो. नंतर त्याच तिला फिरायला नेऊ लागल्या.

आता जेवणाची घाई दिसते. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, बारीक ताप, उतरणारं वजन, यातलं काही कुणाला असेल तर रिपोर्ट घेऊन या. जेवण झाल्यावर मी शेवटच्या बाकावर बसलेला असेन. माझी जागा बाईंना ठाऊक आहे.