माळावरची हरणं आणि आपला कायदा



तलवाड्यात त्वरितादेवीच्या टेकडीवरून पहाटे खालच्या शिवाराकडे पाहावं. पाठीवर काळा, पोटाशी पांढरा, पिळाच्या शिंगांचा नर बांधावर उभा असतो. माद्या वावरात कोवळं पीक खुडत असतात. आपण त्याला हरीण म्हणतो. खरा तो काळवीट, कुरंग कुळातला. त्याची शिंगं गळत नाहीत, जन्मभर टिकतात.

या नराला आपल्या जागेचा फार अभिमान. जुन्या काळी शिकारी त्याचाच फायदा घेत. माणसाळवलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाजवळ सोडायचे. माळाचा धनी चवताळून अंगावर यायचा, शिंगाला शिंग भिडायचं आणि तो फासात गुंतायचा. फासेपारधी हरणांच्या वाटेवर खुंट्या ठोकून फासांची रांग लावायचे आणि कळप तिकडे हाकायचे. रानाची एवढी बारीक ओळख आज आपल्यात कुणाला आहे?

तो काळ संपला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याची शिकार हा गुन्हा आहे. गोळी घातली तरच शिकार, असा समज गावोगाव आहे, तो चुकीचा आहे. फास लावणं, विष घालणं, हाकारणं, आमिष दाखवून जवळ आणणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणं, ही सगळी कायद्यानं शिकारच. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद, वर दंड. कुंपणात करंट सोडला, तर त्यात हरीण मरतं आणि रात्री पाणी द्यायला निघालेला आपलाच माणूसही मरतो.

पण शेतकऱ्यानं काय करावं? दुबार पेरणीचं दुःख मी भोगलंय. उगवलेली सरकी एका रात्रीत फस्त झालेली पाहिली की डोळ्यांत पाणी येतं. हरणांनी केलेल्या नुकसानीला वनविभागाची भरपाई आहे. ती झालेल्या खर्चाला पुरत नाही, हे खरंच आहे, आणि ती वाढवून मागायलाच हवी. तरी वनरक्षकाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या, अर्ज सोडू नका.

आणखी एक. उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकणारी, कुत्र्यांनी पिटाळलेली हरणं बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. असं दिसलं तर 1926 हा वनविभागाचा नंबर लावा आणि गर्दी लांब ठेवा. आरडाओरडा नको, पोरांना काठावर येऊ देऊ नका. अंगावर ओरखडासुद्धा नसलेलं काळवीट नुसत्या भीतीनं मरतं.