यादीत कुणाचे नाव?



अ‍ॅरिस्टॉटलच्या काळात अथेन्समधला मुलगा अठरा वर्षांचा झाला, की त्याचे नाव नागरिकांच्या यादीत चढवायचे की नाही यावर त्याच्या गावचे नागरिक शपथ घेऊन मतदान करीत. वय भरले आहे ना, मुलगा स्वतंत्र आहे ना, जन्म नियमात बसतो ना, एवढेच पाहायचे. 'हा मुळात स्वतंत्र माणूसच नाही' असा कौल पडला तर मुलाला न्यायालयात दाद मागता येई. तिथेही हरला, तर सरकार त्याला गुलाम म्हणून विकून टाकी. ज्याचे नाव लागे तो दोन वर्षे लष्करी शिक्षण घेई. पहिले वर्ष सरले की नाट्यगृहात जमलेल्या लोकांसमोर कवायत करून दाखवायची आणि सरकारकडून ढाल नि भाला घ्यायचा.

खुद्द अ‍ॅरिस्टॉटलचे नाव या यादीत कधीच लागले नाही. तो उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. लायसियम या आपल्या शाळेत त्याने अथेन्सच्या तरुणांना राज्यशास्त्र शिकवले, पण परका म्हणूनच राहिला.

ग्रीक नगरराज्ये का बुडाली, याची कारणे पाठ्यपुस्तकांत असतात: आपसातली युद्धे, साथीचा रोग, मॅसिडोनियाचे सैन्य. ती खरीच आहेत. पण नागरिकांची ही यादी चाळली की चढ आणि उतार दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात.

चढाच्या काळात यादीतल्या माणसाचे वजन वाढत गेले. इ.स.पू. 594 मध्ये अथेन्समध्ये सोलोनने कर्जापायी गुलाम झालेल्यांना सोडवले आणि माणूस तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली. इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनीजने जुनी कुळे बाजूला सारून गावनिहाय नोंदणी आणली. पुढे लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. ती माणशी दहा द्राख्मा वाटून टाकावी, असा प्रस्ताव होता. थेमिस्टोक्लीज या पुढाऱ्याने नागरिकांच्या सभेचे मन वळवून त्या पैशातून जहाजे बांधवली. एका युद्धनौकेला सुमारे 170 वल्हेकरी लागत, आणि त्यांत भरणा गरिबांचा. इ.स.पू. 480 मध्ये सॅलॅमिसला याच जहाजांनी इराणी आरमार मोडले. ज्यांच्या दंडांवर नगर वाचले, त्यांना सभेत गप्प बसवणे मग सोपे राहिले नाही. स्त्रिया आणि गुलाम मात्र तेव्हाही सभेच्या बाहेरच होते.

आणि ऐन भरात यादीचे दार अरुंद झाले. इ.स.पू. 451 मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याने कायदा करवला: आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील, तरच मुलगा नागरिक. मित्रराज्यांच्या संघाची तिजोरी तोवर अथेन्सला आली होती; नागरिक असणे फायद्याचे झाले होते, आणि फायदा दिसला की वाटेकरी नकोसे होतात. पुढे साथीत पेरिक्लीजचे दोन्ही औरस मुलगे गेले. उरला तो मिलेटसच्या अ‍ॅस्पेशियाचा मुलगा, म्हणजे बापाच्याच कायद्याने परका. पेरिक्लीजला सभेपुढे पदर पसरावा लागला. सभेने अपवाद केला. हा मुलगा सेनापती झाला आणि इ.स.पू. 406 मध्ये स्पार्टाविरुद्धची आर्गिनुसीची आरमारी लढाई जिंकणाऱ्यांत होता. पण वादळामुळे पाण्यात पडलेल्या खलाशांना वाचवता आले नाही, म्हणून सभेने सहा सेनापतींना देहदंड दिला, त्यात तोही गेला. नाटककाराने असे रचले असते तर प्रेक्षकांनी नाक मुरडले असते. त्याच लढाईत वल्ही मारणाऱ्या गुलामांना अथेन्सने स्वातंत्र्य आणि नागरिकत्व दिले. दार उघडले, पण फार उशिरा; इ.स.पू. 404 मध्ये नगराने स्पार्टापुढे शरणागती पत्करली.

स्पार्टाचे तर हिशेबच बोलतात. सामुदायिक भोजनाची वर्गणी ज्याला भरता येईना, त्याचे पूर्ण नागरिकत्व जाई. जमीन मूठभरांच्या हाती गोळा होत गेली. इ.स.पू. 479 मध्ये प्लॅटियाला स्पार्टाचे पाच हजार नागरिक लढले, असे हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत जेमतेम सातशे होते, त्यांतले चारशे पडले. तेवढ्या एका दुपारने स्पार्टाचा दरारा संपला.

यादी आक्रसण्याचा धोका पुढे एका राजालाही दिसला. इ.स.पू. 215 च्या सुमाराला मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने थेसलीतल्या लारिसा नगराला लिहिलेली पत्रे दगडावर कोरलेली सापडली आहेत. युद्धांनी नगर ओस पडत होते. तिथे राहणाऱ्या थेसलीकरांना आणि इतर ग्रीकांना नागरिक करा, असे त्याने कळवले. लारिसाने नावे कोरली, आणि नंतर खोडली. राजाने वैतागून पुन्हा लिहिले: रोमकडे पाहा, ते मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करतात, अधिकारपदे देतात, आणि त्या बळावर त्यांनी सत्तरच्या आसपास वसाहती उभ्या केल्या आहेत. इ.स.पू. 197 मध्ये याच फिलिपचा रोमन फौजेने पराभव केला, तोही थेसलीतच, सिनोसेफलीच्या टेकड्यांवर.