वाकीटा, टोटोआबा आणि जाळे : वर्गात शिकविण्याजोगा एक पाठ

(सागरकिनाऱ्यावरील शाळांच्या शिक्षक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



परिसर अभ्यासाच्या पुस्तकात नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांचा उल्लेख आला म्हणजे आपण बहुधा दोन वाक्ये सांगून पुढे जातो. माणसाच्या हावेमुळे प्राणी नाहीसे होत आहेत, हे पहिले. आणि आपण सर्वांनी त्यांचे रक्षण केले पाहिजे, हे दुसरे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. परंतु ती ऐकून विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. हाव कोणाची, कोणत्या वस्तूची, रक्षण कोणी करावयाचे, आणि ते करताना कोणाची चूल विझते, हे प्रश्न तसेच राहतात. आपल्यापैकी पुष्कळ जण कोळीवाड्यातील मुलांना शिकवितात. त्यांच्या वर्गात तर हे प्रश्न टाळताच येत नाहीत. म्हणून आज एका दूरदेशीच्या प्राण्याची हकिकत मी आपणांसमोर ठेवीत आहे.

मेक्सिको देशाच्या वायव्येस बाजा कॅलिफोर्निया नावाचा लांबट द्वीपकल्प आहे. तो आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जो समुद्राचा चिंचोळा पट्टा शिरला आहे, तो कॅलिफोर्नियाचे आखात होय. या आखाताच्या अगदी उत्तर टोकास, कोलोरॅडो नदीच्या मुखाजवळील उथळ व गढूळ पाण्यात, वाकीटा नावाचा सस्तन प्राणी राहतो. जगात अन्यत्र कोठेही तो आढळत नाही. वाकीटा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लहानशी गाय’ असा आहे. डॉल्फिनच्या नात्यातील पॉरपॉइज या गटात त्याची गणना होते. त्याची लांबी जेमतेम दीड मीटर आणि वजन सुमारे ५० किलो असते. अंग करडे, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे आणि ओठही काळे, असे त्याचे रूप आहे. १९५० मध्ये किनाऱ्यावर सापडलेल्या एका कवटीवरून शास्त्रज्ञांना त्याचा प्रथम सुगावा लागला, आणि १९५८ मध्ये केनेथ नॉरिस व विल्यम मॅकफार्लंड यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे विज्ञानाशी या प्राण्याची ओळख होऊन एक शतकही लोटलेले नाही.

आता त्याच्या संख्येकडे पाहू. १९९७ च्या पाहणीत वाकीटांची संख्या सुमारे ५६७ असल्याचा अंदाज निघाला. २००८ मध्ये ती २४५ वर आली. २०१५ मध्ये सुमारे ५९ उरले. २०१८ मध्ये वीसही उरले नव्हते. २०२३ च्या पाहणीत १० ते १३ प्राणी दिसल्याचा अंदाज करण्यात आला, तर २०२४ मध्ये ६ ते ८. आपल्या एकशिक्षकी शाळेच्या हजेरीपटावरही याहून अधिक नावे असतात!

आता या ऱ्हासाचे कारण कोणते? येथे विद्यार्थ्यांना विचार करावयास लावण्यास उत्तम जागा आहे. कोलोरॅडो नदीवर धरणे झाल्यामुळे आखातात येणारे गोडे पाणी घटले, आणि त्यामुळे वाकीटांची उपासमार झाली, असे काही जणांनी सुचविले होते. तर्क वरवर पटण्याजोगा आहे. परंतु मृत वाकीटांची तपासणी केली असता ते चांगले पोसलेले आढळले. उपासमारीची चिन्हे त्यांच्यात नव्हती. त्यांच्या मृत्यूचे कारण वेगळेच होते. ते जाळ्यात गुदमरून मेले होते.

हे कसे घडते, ते नीट समजावून सांगितले पाहिजे. गिलजाळे म्हणून एक प्रकारचे जाळे असते. ते पाण्यात भिंतीसारखे उभे सोडलेले असते. मासा त्याच्या आसात डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. वाकीटा हा मासा नव्हे. त्याला कल्ले नाहीत, फुफ्फुसे आहेत, आणि श्वासासाठी त्याला वारंवार पाण्यावर यावे लागते. जाळ्यात गुरफटलेला वाकीटा वर येऊ शकत नाही, आणि काही मिनिटांतच त्याचा अंत होतो. जलचर सस्तन आणि मासा यांतील जो भेद आपण फळ्यावर दोन रकाने आखून शिकवितो, तो या प्राण्याच्या बाबतीत जीवन आणि मरण यांमधील भेद ठरतो.

बंधुभगिनींनो, या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वाकीटा कोणालाच नको आहे! त्याच्या मांसाला बाजार नाही, कातड्याला गिऱ्हाईक नाही. जाळी टाकली जातात ती कोळंबीसाठी, इतर माशांसाठी, आणि विशेषतः टोटोआबा नावाच्या एका मोठ्या माशासाठी. हा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो व त्याचे वजन १०० किलोपर्यंत भरू शकते. म्हणजे तो वाकीटाहूनही मोठा होतो. साहजिकच त्याच्यासाठी लागणाऱ्या जाळ्याचे आस इतके रुंद असतात की त्यात वाकीटाचे डोके बरोबर अडकावे. टोटोआबाच्या पोटातील हवेच्या पिशवीला चीनमध्ये फार मोठी मागणी आहे. ती औषधी आहे अशी समजूत आहे. शिवाय श्रीमंतीचे लक्षण म्हणून ती भेटीदाखल देतात. चोरट्या बाजारात तिची किंमत किलोमागे हजारो डॉलर होते. म्हणूनच तिला ‘समुद्रातील कोकेन’ असे नाव पडले, आणि गुन्हेगारी टोळ्या या व्यापारात उतरल्या. अनेकदा पिशवी काढून घेऊन बाकीचा मासा फेकून दिला जातो.

टोटोआबाच्या मासेमारीस मेक्सिकोने १९७५ मध्येच बंदी घातली होती. १९९३ मध्ये उत्तर आखात हे संरक्षित जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर झाले. २००५ मध्ये वाकीटासाठी खास आश्रयक्षेत्र निश्चित करण्यात आले. २०१५ मध्ये गिलजाळ्यांवर दोन वर्षांची बंदी आली, आणि २०१७ मध्ये ती कायम झाली. इतके कायदे झाले, तरी याच काळात वाकीटांची संख्या सर्वांत वेगाने घसरली. २०११ नंतरच्या काही वर्षांत दरवर्षी सुमारे एक तृतीयांश प्राणी नाहीसे होत गेले.

असे का व्हावे? सान फेलिपे आणि एल गोल्फो दे सांता क्लारा ही त्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची गावे आहेत. तेथील कुटुंबे लहान होड्यांतून गिलजाळी टाकूनच पोट भरीत आली. बंदी आली तेव्हा सरकारने भरपाई देऊ केली. परंतु ती मुख्यतः परवानेधारकांच्या हाती पडली, होडीवर राबणाऱ्या हातांपर्यंत पुरेशी पोहोचली नाही, अशी तक्रार राहिली. आणि २०१८ च्या अखेरीस तीही थांबली. वाकीटास अपाय न करणारी दुसरी जाळी तयार झाली होती. पण ती घेण्यास लागणारा पैसा, परवाना आणि शिक्षण हे सर्वांना मिळाले नाही. एका बाजूस रिकामी चूल, दुसऱ्या बाजूस एका रात्रीत वर्षाची कमाई देऊ करणारा चोरटा व्यापारी! जाळे हातातून काढून घेतले, परंतु त्या हातात दुसरे काही दिले नाही, तर कायदा कागदावरच राहतो. पुढे कटुता इतकी वाढली की २०२० च्या ३१ डिसेंबरला बेकायदेशीर जाळी काढणाऱ्या एका संस्थेचे जहाज आणि मच्छीमारांची होडी यांची टक्कर झाली, व तीत एका मच्छीमाराचा प्राण गेला. जाळ्याची किंमत वाकीटाने दिली, तशीच माणसांनीही दिली.

वाकीटांना पकडून सुरक्षित जागी ठेवावे, असाही प्रयत्न झाला. २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक देशांचे तज्ज्ञ तेथे जमले. पकडलेले एक लहान वय असलेले मादी वाकीटा भेदरून गेल्यामुळे त्यास सोडून द्यावे लागले. दुसरी, प्रौढ मादी, दगावली. प्रयत्न तेथेच थांबविण्यात आला. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. या प्राण्याला त्याच्या समुद्रातच वाचविले पाहिजे. पिंजरा हा त्यास पर्याय नाही.

मग आशेला जागा आहे काय? आहे, आणि ती केवळ भावनेची नव्हे. २०२० मध्ये मेक्सिकोने सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पूर्ण मासेमारीबंद ठरविले. २०२२ मध्ये तेथील नौदलाने त्या क्षेत्राच्या तळाशी लोखंडी आकडे असलेले काँक्रीटचे १९३ ठोकळे सोडले. त्यांत जाळे अडकते, म्हणून तेथे जाळे टाकणे मच्छीमारास परवडत नाही. त्यानंतर त्या क्षेत्रातील गिलजाळी फार मोठ्या प्रमाणात कमी झाली. त्याच २०२२ साली शास्त्रज्ञांनी वाकीटाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या थोड्या प्राण्यांत आप्तसंबंधांतून होणारी संतती दुबळी निपजेल, ही भीती त्यांनी तपासून पाहिली. हा प्राणी हजारो वर्षे अल्पसंख्यच राहिला आहे, त्यामुळे त्याच्या रक्तातच विनाश लिहिलेला नाही, आणि जाळ्यातील मृत्यू थांबले तर त्याची संख्या पुन्हा वाढू शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उरलेले वाकीटा सुदृढ दिसतात. २०२३ च्या पाहणीत त्यांच्यासोबत पिल्लूही दिसले. आणि विशेष म्हणजे, पाण्याखाली ध्वनियंत्रे ठेवून वाकीटांचे आवाज टिपण्याच्या कामात सान फेलिपेचे मच्छीमारही सहभागी आहेत. ज्या हातांवर आरोप झाला, तेच हात राखणही करू शकतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वाकीटा आपल्याकडे नाही. परंतु त्याची भावंडे आहेत. कोकणातील कोळी ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिन, आणि पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज, हे आपल्या समुद्रात आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने त्यांना संरक्षण दिले आहे. जाळ्यात गुदमरण्याचा धोका त्यांनाही आहेच. आपला घोळ मासा हा टोटोआबाच्याच कुळातील आहे, आणि त्याच्याही पोटातील पिशवीस परदेशी बाजारात मोठी किंमत येते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेस १५७ घोळ मिळाले, व लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले, हे वृत्त आपण वाचले असेल. घोळीची मासेमारी कायदेशीर आहे, आणि त्या नौकेचे भाग्य खरोखरच अभिनंदनीय होते. परंतु दूरच्या बाजारातील भाव आपल्या किनाऱ्यावरील जाळ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून मुलांना सहज उमजेल.

चांगले उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने एक योजना सुरू केली. जाळ्यात अडकलेला संरक्षित जलचर वाचविण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापून त्याला सोडून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. ‘जाळे काप, नुकसान आम्ही सोसतो’ असे सांगणारा हा नियम आहे. ज्या मुलाच्या घरी नौका आहे, त्याने ही माहिती संध्याकाळी वडिलांना सांगितली, तर आपल्या तासाचे चीज झाले असे मी म्हणेन.

अध्यापनाच्या दृष्टीने चार सूचना करतो. पहिली, नकाशावर आखाताचे उत्तर टोक दाखवावे, आणि पंधरा किलोमीटर लांब व तितकाच रुंद चौरस म्हणजे आपल्या गावापासून कोणत्या गावापर्यंत, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. २२५ चौरस किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज त्यांना येईल. दुसरी, वर दिलेल्या आकड्यांचा स्तंभालेख पाचवीच्या मुलांकडून काढून घ्यावा. घसरण कोणत्या वर्षांत तीव्र झाली, हे त्यांनी स्वतः सांगावे. तिसरी, वर्गात पाच मुलांना मच्छीमार, व्यापारी, गिऱ्हाईक, नौदलाचा अधिकारी आणि शास्त्रज्ञ अशा भूमिका देऊन प्रत्येकास आपली बाजू मांडू द्यावी. चौथी सूचना सर्वांत आग्रहाची आहे. पाठाच्या शेवटी मच्छीमार हा दोषी, असा निकाल मुलांच्या मनात राहू देऊ नये. बापाच्या धंद्याची लाज वाटू लागलेले मूल समुद्राचे रक्षण करणार नाही. ते शाळेपासून तेवढे दूर जाईल.

जे घडते आहे त्याची साखळी नीट ओळखणे, आणि त्या साखळीतील कोणती कडी आपल्या हाती आहे ते शोधणे, हेच खरे शिक्षण होय. वाकीटाला कोणी मारू इच्छीत नव्हते, तरी तो मरणाच्या दारी आला. कारण प्रत्येकाने केवळ आपलीच कडी पाहिली. आपल्या शाळांतून बाहेर पडणारे मूल उद्या नौकेवर जाईल, बाजारात बसेल किंवा कचेरीत फाइली पाहील. त्याला पुढची कडी दिसावी, एवढी दृष्टी आपण त्यास देऊ शकलो, तर पुष्कळ झाले. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने हा पाठ एकदा घ्यावा, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न पुढील संमेलनास लिहून आणावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.