झटका कुठून येतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या डिझेल गाड्या दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातली एकच तक्रार आज सांगणार आहे, कारण तिच्यापायी एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली.

१९९८ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे मर्सिडीजची १९८३ सालची '३०० डी' होती. पाच सिलिंडरचं तीन लिटरचं डिझेल इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. एका वकिलातीने वापरून विकलेली ही गाडी डॉक्टरांच्या वडिलांनी हौसेने घेतली होती. या १२३ मालिकेच्या गाड्या १९७६ ते १९८५ या काळात सुमारे सत्तावीस लाख निघाल्या. जर्मनीत टॅक्सी म्हणून त्या लाखो किलोमीटर पळाल्या. इंजिन म्हणजे लोखंडी बैल! पण डॉक्टरांची गाडी गिअर बदलताना असा झटका देई, की मागे बसलेल्याची मान हलावी.

एका गॅरेजने निकाल दिला होता : गिअरबॉक्स गेला, खाली उतरवून पूर्ण उघडावा लागेल, पन्नास हजार तरी धरा. वर पुस्तीही जोडली, की ड्रायव्हरने गाडी दामटली म्हणून हे झालं. ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासूनचे, साठीला आलेले. घरात सगळे त्यांना काकाच म्हणत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून काकांना थांबायला सांगावं म्हणतो. तुम्ही एकदा बघून घ्या."

मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी अशाच झटक्यासाठी मी एक गिअरबॉक्स उतरवून उघडला होता. आतल्या क्लच प्लेटा नव्यासारख्या निघाल्या. गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि झटका होता तसाच राहिला. ती बोच मनात होती.

पहिली पायरी ऑइलची. गाडी सपाटीवर उभी, ऑइल पुरतं तापलेलं, गिअर 'पी'मध्ये आणि इंजिन चालू, अशा स्थितीत डिपस्टिक बघायची. आपल्याकडे सवयीने इंजिन बंद करून बघतात. मग पातळी वर दिसते आणि ऑइल कमी असलं तरी कळत नाही. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं फडकं घेऊ नये, आतल्या वाटा केसासारख्या बारीक असतात. डॉक्टरांच्या गाडीचं ऑइल पातळीला बरोबर होतं. रंग लालसर, जळका वास नाही. प्लेटा जळल्या असत्या तर नाकालाच कळलं असतं.

दुसरी पायरी रबरांची. इंजिनाखालची फाउंडेशनं आणि शाफ्टच्या जोडाची रबरं फाटली, तर गिअर पडताना खालून ठोका येतो आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देतो. तीही ठीक होती.

आता खरा मुद्दा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हात किती जोराने लावायचा, म्हणजे क्लच किती दाबाने धरायचा, हे कळण्यासाठी इंजिनावर ओझं किती आहे ते कळावं लागतं. पेट्रोल गाडीत ही खबर इंजिनाच्या हवेच्या वाटेतल्या व्हॅक्यूमवरून मिळे. डिझेलमध्ये हवेच्या वाटेत ती झडपच नाही, म्हणून तसा व्हॅक्यूमही नाही. मग इंजिनाच्या पुढे एक व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. त्याची ओढ डिझेलच्या इंजेक्शन पंपावरच्या एका व्हॉल्व्हमधून गिअरबॉक्सकडे जाते. पाय हलका असेल तर ओढ भरपूर, गिअर मऊ पडतो. पाय दाबत नेला की ओढ कमी होते, दाब वाढतो आणि गिअर घट्ट पकडतो. नळी कुठे गळत असेल तर ओढ पोचतच नाही. गिअरबॉक्सला वाटतं, पाय तळाला टेकलाय. भरलेली समजून रिकामी घागर जोरात उचलावी, तसं मग होतं.

मी गिअरबॉक्सकडची बारीक नळी काढली. आत लाल ऑइल सापडलं असतं तर तिथला रबरी पडदा फाटला, असं धरलं असतं. नळी कोरडी होती. हातपंपाने ओढ लावून बघितली, पडद्याने ती धरून ठेवली. मग नळीला मीटर जोडला. इंजिन नुसतं सुरू असताना सुई वर चढायला हवी होती, ती खालीच लोळत होती.

काका शेजारी उभे होते. चाचरत म्हणाले, "मिस्त्री, एक सांगू का? चावी बंद केली तरी ही चार-पाच सेकंद फडफडत राहते. तिकडेही सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. आणि मागचं डावं दार आपोआप लॉक होत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. डिझेलला ठिणगी नसते, त्यामुळे चावी फिरवून ठिणगी तोडता येत नाही. या गाडीत चावी बंद केली की व्हॅक्यूमच इंजेक्शन पंपावरची झडप ओढतो आणि डिझेल थांबवतो. दारांची लॉकंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. ब्रेक हलका करणारा बूस्टरही त्याच पंपावर, म्हणून अशी गळती चालवून घ्यायची नसते. तीन तक्रारी, तीन ठिकाणच्या. मूळ मात्र एकच.

लॉकांकडे जाणारी नळी काढून तिच्या तोंडात एक स्क्रू खोचला. सुई उठली. डॉक्टरांना मागे बसवून आम्ही कात्रजचा चढ चढून आलो. काका चालवत होते. दुसऱ्याचा तिसरा कधी पडला, ते डॉक्टरांनी विचारल्यावर मी सांगितलं.

मागच्या दाराची गादी उघडली तेव्हा लॉकच्या डबीतलं रबर चिरलेलं निघालं. बाकी त्या वयाच्या गाडीत इंजिनाजवळचे रबरी जोडही उष्णतेने कडक होतात. तेही मी बदलून टाकले, शे-दोनशेचं काम. इंजिन चावीसरशी बंद होत असेल आणि तरीही झटका असेल, तर मात्र इंजेक्शन पंपावरचा तो व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सकडची नळी आधी बघावी. गिअरबॉक्सला पाना सगळ्यात शेवटी.

गाडी न्यायला डॉक्टर आले तेव्हा काकांनी चावी फिरवली. इंजिन जागेवर गप्प झालं. डॉक्टर काकांना काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "उद्या सकाळी आठला या, नाशिकला जायचंय."

लॉकची डबी मिळायला दोन महिने लागले. तोवर तो स्क्रू नळीत तसाच होता आणि चारी दारं काका एकेक करून हाताने लावत.