धक्क्यावर उतरल्यावर



भूमध्य समुद्रातली क्रूझ रात्रभर चालते आणि सकाळी एखाद्या बंदराला लागते. न्याहारी उरकेपर्यंत खाली धक्क्यावर बसगाड्यांची रांग उभी असते. फ्रान्समधल्या मार्सेयला आमचं जहाज सकाळी आठला लागलं, तेव्हाही तसंच झालं. एक गाडी एक्सला जाणारी, एक आव्हीन्यॉला, एक कासीच्या कड्यांकडे. हजारो माणसं मार्सेयच्या धक्क्यावर उतरली आणि त्यांतली कितीतरी मार्सेयमध्ये पाऊलही न टाकता पुढे निघून गेली. संध्याकाळी परत येऊन तीच माणसं घरी फोनवर सांगणार होती, की आज आम्ही मार्सेयला होतो.

मी आणि माझी थोरली बहीण मात्र गावातच राहिलो. एक्स आणि आव्हीन्यॉ सुंदर असतीलच. पण ज्या गावानं आपल्या जहाजाला जागा दिली, त्या गावाला एक दिवस तरी द्यावा, असं मला मनापासून वाटतं. माझं बालपण रत्नागिरीतलं. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. बोटीतून उतरलेला माणूस नुसता येत नाही, गावात काहीतरी घेऊन येतो, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. बातमी, खाऊ, नवं कापड, कधी एखादा आजार. मार्सेयचा इतिहास वाचू लागले तेव्हा मला सारखं तेच आठवत राहिलं. हे गाव सुमारे सव्वीसशे वर्षं समुद्राकडून आलेल्या माणसांवरच वाढलं आहे.

गावाची जन्मकथाच तशी आहे. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास फोसियाहून, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या किनाऱ्यावरून, ग्रीक दर्यावर्दी इथे आले. त्या दिवशी इथल्या राजाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती ती पेला देईल तो नवरा, अशी रीत. जिप्टिस नावाच्या त्या मुलीनं पेला दिला तो नुकत्याच गलबतातून उतरलेल्या पाहुण्याला, प्रोटिसला. ही झाली दंतकथा. पण ग्रीक आले होते हे खरं. १९६७ साली शहराच्या मध्यभागी बांधकामासाठी जमीन खणताना प्राचीन बंदराचे अवशेष सापडले. आज तिथे मोठं दुकानसंकुल आहे आणि त्याच्या शेजारीच गवतात तो जुना धक्का उघडा ठेवला आहे. खरेदीच्या पिशव्या घेऊन माणसं त्याच्या कडेनं जात असतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे पाणी होतं आणि दगडाच्या या कडेला गलबतं लागायची. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

पण मी फार पुढे गेले. आधी धक्क्यापासून गावात यावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. क्रूझची जहाजं लागतात ती जागा जुन्या बंदराच्या उत्तरेला सुमारे आठ किलोमीटरवर आहे. मधला सगळा भाग मालाच्या गोद्यांचा, कुंपणाचा, क्रेनचा. पायी निघायचं मनातही आणू नये, गाडीच घ्यावी. त्या गाडीत उजव्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून बसावं. कारण त्या कुंपणापलीकडच्या बंदराशी आपला, मराठी माणसांचा, एक जुना धागा आहे.

८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' ही बोट या बंदरात उभी होती. विनायक दामोदर सावरकरांना कैदी म्हणून इंग्लंडहून हिंदुस्थानात आणलं जात होतं. शौचकूपाच्या गवाक्षातून त्यांनी स्वतःला बाहेर काढलं, पाण्यात उडी टाकली आणि पोहत धक्का गाठला. शाळेत आम्ही या उडीचं चित्र काढायचो, त्यात अफाट समुद्र आणि डोंगराएवढ्या लाटा. प्रत्यक्षात धक्का जवळच होता. अंतर थोडं होतं म्हणून ती उडी माझ्या लेखी लहान होत नाही. उलट धक्क्यावर चढल्यानंतर जे घडलं, तेच मला अधिक जिव्हारी लागतं. त्यांनी फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला होता आणि दुसऱ्या देशाच्या भूमीवर पोचलेल्याला तिथल्या कायद्याचा आसरा मागता येतो. पण फ्रेंच शिपायानं त्यांना पकडून पुन्हा बोटीवरच्या इंग्रजांच्या हवाली केलं. कार्ल मार्क्सचा नातू झाँ लाँगे यानं पॅरिसमध्ये हा प्रश्न लावून धरला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. पकडून परत देण्यात नियम मोडला गेला हे लवादानं मानलं, पण म्हणून कैद्याला फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असं ठरवलं. किनाऱ्यावरचा तो मुक्काम काही मिनिटांचा होता. आमच्या खिशात परतीची वेळ लिहिलेलं कार्ड होतं, साडेपाच वाजता जहाजावर. मनात आलं, आपल्याला साडेनऊ तास मिळालेत. ताई काही बोलली नाही, पण गाडी पुढे गेल्यावरही ती मागे वळून पाहत होती.

या वाटेनं गेलेली आपली माणसं पुष्कळ. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून युरोपला जाणाऱ्यांसाठी मार्सेय हे दारच झालं. जिब्राल्टरला वळसा घालून बोटीनंच इंग्लंड गाठण्यापेक्षा इथे उतरून आगगाडी धरली, की कितीतरी दिवस वाचत. दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी ११ सप्टेंबर १९३१ ला इथेच उतरले आणि दुसऱ्या दिवशी लंडनला पोचले. त्याआधी, १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस, मुंबई आणि कराचीहून निघालेल्या हिंदी पलटणी इथे उतरल्या. हिवाळा तोंडावर आलेला आणि पुढे फ्लँडर्सचा चिखल. रस्त्यात लोकांनी त्यांना फुलं दिली. शहराच्या दक्षिणेला माझार्गच्या युद्ध-दफनभूमीत त्यांच्यातल्या अनेकांच्या स्मृती आहेत. आम्हाला तिथवर जाता आलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे. एका दिवसात सगळं होत नाही.

जुनं बंदर, व्ह्यू पोर, म्हणजे तीन बाजूंनी गावानं वेढलेलं लांबट पाणी. समुद्राकडच्या तोंडाशी दोन किल्ले, एकीकडे सँ झाँ, दुसरीकडे सँ निकोला. आतल्या टोकाला सकाळी मासळीबाजार भरतो. त्याला बाजार म्हणायचं ते आपल्याकडच्या बंदरांच्या हिशेबानं नव्हे. मोजकी टेबलं, त्यांवर उथळ निळे ट्रे, ट्रेमध्ये पाणी आणि पाण्यात अजून हलणारे मासे. होडी मागेच बांधलेली. बायका हाकारून मासळी विकतात. त्या काय म्हणतात ते मला कळत नव्हतं, पण हेल ऐकून शब्दांची गरज वाटली नाही. काट्यांच्या डोक्याचा तांबडा मासा, रासकास, तिथेच पाहिला. मार्सेयचं नाव जगभर नेणारं बुयाबेस नावाचं कालवण त्याच्यावाचून होत नाही. मूळचं ते गरिबाचं जेवण. खडकांतली, काटेरी, कुणी विकत न घेणारी मासळी कोळी घरी आणून एकत्र उकळायचे. आता त्यात केशर पडतं, लसूण-मिरचीचं दाट वाटण पावाला लावून आधी रस्सा वाढतात, मग मासे वेगळे. आणि किंमत अशी, की कोळ्यालाच ते परवडू नये.

आम्ही ते खाल्लं नाही. ताईचा गुरुवार होता. तिच्यासाठी काय मिळणार, या काळजीत मी एका लहानशा खाणावळीच्या दारात उभी होते आणि आतून तळणीचा ओळखीचा वास आला. बेसन तळल्याचा! तिथे त्याला पनीस म्हणतात. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं, कापायचं आणि तळायचं. वरून मीठ आणि मिरपूड. म्हणजे आपली पाटवडीच, फोडणीवाचूनची. हे तेल मासळीचं नाही ना, हे मी हातवारे करून विचारलं. मालकीणबाईंनी दुसरी कढई दाखवली. ताईनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, हिंग घातला असता तर घरचीच झाली असती." परदेशातल्या पंधरा दिवसांत तिनं इतकं मन लावून दुसरं काही खाल्लं नव्हतं.

बंदराच्या उत्तरेला चढावर पानिए ही सगळ्यांत जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, साबणाची दुकानं. इथला चौकोनी साबण प्रसिद्ध आहे, त्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का असतो. पण पानिएच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेला, एकदम सरळ रेषेतल्या एकसारख्या इमारती लागतात. त्या तशा का आहेत हे समजल्यावर पाय जड होतात. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्यानं, फ्रेंच पोलिसांच्या मदतीनं, ही वस्ती रिकामी केली. सुमारे वीस हजार माणसं घराबाहेर काढली गेली. अनेकांना, त्यांत शेकडो ज्यूंना, छळछावण्यांकडे धाडलं. मग फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे दीड हजार इमारती जमीनदोस्त केल्या. परक्या बोटींतून आलेल्या माणसांची सरमिसळ वस्ती, तीच राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपली होती.

आणि बोटीतून मरण आलं तेही याच गावात. २५ मे १७२० ला सीरियाच्या किनाऱ्याकडून 'ग्राँ सँ आंत्वान' हे गलबत कापडाचा माल घेऊन आलं. वाटेतच त्यावर माणसं दगावली होती. अशा गलबताला लांब ठेवायचा नियम मार्सेयमध्ये होता आणि इतर वेळी तो कडकपणे पाळलाही जाई. पण जुलैच्या जत्रेत विकायचा तो माल होता आणि मालात गावच्या बड्या कारभाऱ्याचा वाटा होता. नियम सैल झाला. सुमारे नव्वद हजारांच्या गावात चाळीस ते पन्नास हजार माणसं प्लेगनं गेली. कोविडच्या वर्षांत प्रवासी जहाजं बंदराबंदरांतून परत पाठवली जात होती, त्या बातम्या ऐकताना मला हे गलबत आठवलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. आता दोन्ही एकत्रच आठवतात.

दुपारी आम्ही बसनं टेकडीवर नोत्र दाम द ला गार्दला गेलो. १८६४ सालचं हे देऊळ बंदरातून कुठूनही दिसतं. मनोऱ्यावर बाळाला घेतलेली सोनेरी मेरी, गावकरी तिला 'बोन मेर' म्हणतात, चांगली आई. आत छताला लहान लहान लाकडी गलबतं टांगलेली आहेत. वादळातून सुखरूप परतलेल्यांनी फेडलेले हे नवस. भिंतींवर बुडत्या बोटींची चित्रं आणि आभाराच्या संगमरवरी पाट्या. ताईला नवस हा शब्द मला सांगावाच लागला नाही. चप्पल काढायची का, एवढंच तिनं विचारलं.

वरून खाली पाहिलं तर दूर उत्तरेला आमचं जहाज दिसत होतं, गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा लांबलचक. त्याच्या धुराड्यातून बारीक धूर निघत होता. धक्क्याला उभं असतानाही जहाजाला वीज लागते आणि त्यासाठी इंजिनं चालू राहतात. त्या बाजूच्या वस्त्यांतले लोक या धुराबद्दल अनेक वर्षं तक्रार करत आहेत. २०२२ साली महापौर बेन्वा पायाँ यांनी, हवा फार बिघडलेल्या दिवसांत प्रदूषण करणाऱ्या क्रूझ जहाजांना बंदी घालावी, यासाठी सह्यांची मोहीम काढली. १ मे २०२५ पासून साऱ्या भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातलं गंधक ०.१ टक्क्यावर आणायचा नियम लागू झाला आहे. धक्क्यावरून वीज पुरवली तर इंजिनं बंद ठेवता येतात, आणि माझ्या मते जहाज लागतं त्या प्रत्येक बंदरात ती सोय व्हायलाच हवी. आपण तिकीट काढतो तेव्हा कंपनीला जेवणाचे, तलावाचे, करमणुकीचे प्रश्न विचारतो. धक्क्यावर तुमचं जहाज विजेवर उभं राहतं का, हाही प्रश्न विचारावा. ज्यांच्या खिडकीत तो धूर जातो, ते आपले यजमान आहेत.

पावणेपाचला आम्ही गाडीत बसलो. पिशवीत साबण होता आणि होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची कडक बिस्किटं. जहाज सुटलं तेव्हा सगळे टेकडीवरच्या सोनेरी मूर्तीचे फोटो घेत होते. आम्ही दोघी दुसऱ्या कठड्याशी उभ्या होतो. खाली धक्क्यावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस खुंट्यावरचा दोर सोडवत होता. दोर पाण्यात पडला, वर ओढला गेला. ताईनं हात हलवला. त्यानं वर पाहिलं, हातमोजा काढला आणि हात वर केला.