डॉक्टरांचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

(हिंगणघाट येथील अभ्यासवर्गातील भाषण)



हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन आलेला शेतकरी काट्यावरचा सरकारी शिक्का पाहू शकतो. तो शिक्का ठराविक मुदतीने नवा करावा लागतो. दवाखान्याच्या भिंतीवरील एम. डी.ची पदवी मात्र एकदा मिळाली की जन्मभराची!

वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 सालीच दाखवून दिले. रोग्याला मालाची पारख करता येत नाही. त्याला विश्वास ठेवावा लागतो. त्या विश्वासाची हमी समाजानेच घ्यावयास हवी.

आपल्याकडे ही हमी कितपत आहे? डॉक्टरांनी दर 5 वर्षांत किमान 30 तास निरंतर शिक्षण घ्यावे, असे 2002 च्या आचारनियमांनी सांगितले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तेवढे गुण मागते. म्हणजे वर्षाला 6 तास, आणि तेही हजेरीचे. विशेषज्ञतेची स्वतंत्र फेरतपासणी नाहीच.

ही बाब केवळ कागदोपत्री नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवाऱ्यात नवनवी मिश्रणे येतात आणि एकच उतारा प्रत्येक विषावर चालत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर अशा रोग्याचा भार टाकता येईल काय?

अमेरिकेत अंतर्वैद्यकाच्या विशेषज्ञ मंडळाने 1990 पासून आजन्म प्रमाणपत्र देणे थांबवून 10 वर्षांची मुदत घातली. पुढे शुल्क आणि परीक्षांचा जाच इतका वाढला की डॉक्टरांच्या असंतोषापुढे 2015 साली मंडळाला जाहीर क्षमा मागावी लागली. खाजगी मंडळाच्या हाती तपासणी सोपविली की तिचाही धंदा होऊ शकतो, हा त्यातील धडा होय.

आपल्याकडील धोका निराळा आहे. वैद्यकीय परिषदांचा खर्च पुष्कळदा औषधकंपन्या उचलतात. कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना 2009 साली मनाई झाली. 2024 साली कंपन्यांसाठीही संहिता आली. तरी कंपनीने केलेला खर्च अखेर औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो. शिकतो डॉक्टर, शिकविते कंपनी आणि फी भरतो रोगी, असा हा व्यवहार आहे.

तालुक्याच्या डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही. दवाखाना बंद ठेवून नागपूर गाठावे, तर त्याचा दिवस बुडतो आणि रोगीही ताटकळतात. म्हणून मागणी अशी हवी: सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांनी तालुक्याच्या रुग्णालयात येऊन विनाशुल्क वर्ग घ्यावेत. विषय विशेषज्ञतेशी आणि स्थानिक रोगांशी निगडित असावेत. डॉक्टरने केलेल्या उपचारांच्या नोंदी समव्यावसायिकांनी तपासाव्यात. खर्च शासनाने करावा.

हिंगणघाटला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व्हावे म्हणून 2023 साली येथील जनतेने आंदोलन केले. त्या मागणीत ही भर घालावी. नवे डॉक्टर घडविणाऱ्या संस्थेने जुन्या डॉक्टरांनाही अखेरपर्यंत शिकविले पाहिजे. कारण त्यांच्या शिक्षणात राहिलेल्या उणिवेची किंमत शेवटी फवारा पाठीवर घेणारा मजूरच मोजतो.