फुकटची नाणी आणि दीर्घ मुदतीची बचत

'एअरड्रॉप'मध्ये आभासी नाणी फुकट मिळतील, असे निरोप मोबाईलवर येतात. असे वाटप खरेही झाले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने ४०० नाणी दिली, पण ज्यांनी तेथे १ सप्टेंबरपूर्वी व्यवहार केले होते त्यांना. बातमी ऐकून धावलेल्यांना काही मिळाले नाही.

नाणी ठेवण्याच्या मोबाईलवरील पाकिटाचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणालाही देऊ नयेत. गेलेली नाणी परत आणता येत नाहीत. विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. शेतीउत्पन्नाची सूट येथे चालत नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी साठवायचे असेल तर पोस्टातील १५ वर्षांचे पीपीएफ खाते पाहावे. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. माल विकल्यावर एकरकमी भरले तरी चालते.